सोन्यातला परका अणू

१९३४ साली लायडन विद्यापीठातल्या द हास, द बूर आणि व्हान डेन बर्ग या तिघांनी सोनं, तांबं आणि शिसं यांचा विद्युतरोध अतिथंड तापमानाला मोजून प्रसिद्ध केला. लायडनच्या मानाने हे काम रोजचंच होतं. हाईक कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली तिथे हेलियम द्रवरूपात आणला, तेव्हापासून थंडीच्या बाबतीत त्या प्रयोगशाळेचा हात धरणारं जगात कुणी नव्हतं. १९११ साली तिथेच पाऱ्याचा रोध चार केल्विनच्या आसपास एकाएकी नाहीसा झाला आणि अतिवाहकतेचा शोध लागला. वान्डर द हास हे हेंड्रिक लोरेन्ट्झ यांचे जावई. ओनेस निवृत्त झाल्यावर प्रयोगशाळेची धुरा केसोम यांच्यासोबत त्यांनीच वाहिली. अशा माणसाच्या हातून निघालेला आकडा कुणी सहजासहजी चूक ठरवत नाही.

धातू थंड केला की त्याचा रोध कमी होतो, हे तोवर सगळ्यांना माहीत होतं. अणूंची थरथर मंदावते, वाहत्या इलेक्ट्रॉनांना अडथळा कमी होतो. शेवटी उरतो तो धातूतल्या मळाचा आणि स्फटिकातल्या दोषांचा रोध, आणि तो तापमानाने बदलत नाही. म्हणजे रोधाचा आलेख उतरत जाऊन सपाट व्हायला हवा. लायडनच्या सोन्यात तसं झालं नाही. काही केल्विनपर्यंत रोध उतरला, तळ गाठला, आणि तापमान आणखी खाली नेल्यावर पुन्हा चढायला लागला.

चढ किरकोळ होता. त्यातून यंत्र निघणार नव्हतं की धंदा. पण तो तिथे होता आणि त्याला कारण सापडत नव्हतं. ज्या पुंजयांत्रिकीने अणूंचे वर्णपट उलगडले आणि धातू वीज का वाहून नेतात हे सांगितलं, तिच्याकडे सोन्याच्या एका तारेसाठी उत्तर नव्हतं. पुढची तीस वर्षं हे कोडं तसंच राहिलं. मला या इतिहासात सर्वांत आदर वाटतो तो या तीस वर्षांबद्दल. एवढ्याशा विसंगतीला ‘असेल काहीतरी’ म्हणून कुणी निकालात काढलं नाही. पुढच्या पिढीने ती पुन्हा मोजली, आणि मोजताना नमुने जास्त जास्त शुद्ध केले.

शुद्ध करता करताच धागा हाती आला. सोनं जितकं निर्मळ, तितका तो चढ कमी. बावनकशी समजल्या गेलेल्या सोन्यातही लोखंडाचे अणू असतात, दहा लाखांत मोजके, आणि चढाचं मूळ त्यांच्यात होतं. तांब्यात मँगेनीज किंवा लोखंड मुद्दाम मिसळलं तरी तेच दिसे. जस्त मिसळलं तर मात्र काही होत नसे. लोखंड आणि मँगेनीज ही चुंबकीय मूलद्रव्यं, जस्त नाही. संशय स्पष्ट होता. पुरावा आणि कारणमीमांसा बाकी होती.

इथे एक आधीचा प्रश्न आडवा आला. लोखंडाचा एकटा अणू चुंबकीय असतो हे ठीक, पण तो धातूच्या आत, चहूकडून इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत सापडल्यावर चुंबकीय राहतो का? कधी राहतो, कधी नाही. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतल्या फिलिप अँडरसन यांनी याचं गणित मांडलं. परक्या अणूच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन असताना दुसऱ्याने आत यायचं म्हटलं तर दोघांमधल्या विद्युत प्रतिकर्षणाची किंमत मोजावी लागते. ती किंमत मोठी असली तर कक्षेत एकटाच इलेक्ट्रॉन राहतो, त्याचं स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनाचं अंगचं इवलं चुंबकत्व, जोडीवाचून मोकळं राहतं आणि अणू चुंबकीय ठरतो. आसपासच्या धातूशी देवघेव फार सैल झाली तर ते चुंबकत्व विरून जातं. हे सूत्र इतकं नेमकं निघालं की रेणूंचा अभ्यास करणारे आजही हिशेबाची सुरुवात त्यावरूनच करतात. अँडरसन यांना १९७७ सालच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पुरावा आणला मिरियम साराचिक यांनी. जन्म १९३३, अँटवर्पचा. ज्यू कुटुंब, नाझींच्या तावडीतून निसटलेलं. काही वर्षं क्यूबात काढून ते १९४७ साली न्यूयॉर्कला पोचलं. कोलंबिया विद्यापीठातून १९६० साली डॉक्टरेट मिळाली, आणि त्यानंतर बेल प्रयोगशाळेत त्यांनी जे काम केलं ते डोळ्यांत भरण्याइतकं स्वच्छ आहे. मॉलिब्डेनम आणि नायोबियम यांच्या मिश्रधातूंची एक मालिका घ्यायची, प्रत्येकात एक टक्का लोखंड. नायोबियम जास्त असेल तिथे लोखंडाचं चुंबकत्व टिकत नाही. मॉलिब्डेनमचं प्रमाण वाढवत नेलं की एका टप्प्यापासून ते उमटायला लागतं. लोखंड सगळीकडे तेवढंच आणि बदलतं फक्त त्याचं चुंबकत्व. साराचिक यांनी मालिकेतल्या एकेका नमुन्याचा रोध थंडीत मोजला. ज्या नमुन्यांत लोखंड चुंबकीय होतं, त्यांच्यातच रोधाने तळ गाठून पुन्हा चढ घेतला. १९६४ सालच्या या निबंधानंतर संशयाला जागा उरली नाही.

त्याच १९६४ साली, तोक्योमधल्या एका सरकारी विद्युत-तंत्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जुन कोंडो यांनी कारण सांगितलं.

कोंडो तेव्हा चौतीस वर्षांचे होते. अणूवर आपटून इलेक्ट्रॉन कसा विखुरतो याचा हिशेब लोक पहिल्या पायरीपर्यंत करून थांबत असत. त्यात रोध तापमानाने बदलत नाही. कोंडो एक पायरी पुढे गेले. सामान्य अशुद्धीच्या बाबतीत या पुढच्या पायरीतून नवं काही निघत नाही, येणाऱ्या पदांची आपसांत वजावट होते. पण चुंबकीय अणूला स्पिन असतं आणि जाता जाता इलेक्ट्रॉन ते उलटवू शकतो. दाराची कडी जशी आधी गेलेला लावून जातो किंवा काढून जातो आणि मागून येणाऱ्याला ती तशीच मिळते, तसं इथे घडतं. आधीच्या इलेक्ट्रॉनाने स्पिन वर सोडलं की खाली, यावर पुढच्याचं विखुरणं ठरतं. टकरींचा क्रम महत्त्वाचा झाला, म्हणून वजावट पुरती होत नाही. मागे उरतं ते तापमानाच्या लॉगॅरिदमचं एक पद, आणि ते तापमान घटेल तसं वाढत जातं.

अणूंच्या थरथरीमुळे होणारा रोध थंडीत झपाट्याने, तापमानाच्या पाचव्या घाताने, घटतो. कोंडोंचं पद सावकाश वाढतं. दोहोंची बेरीज केली की तळ आपोआप येतो. शिवाय हा तळ कुठल्या तापमानाला येईल ते अशुद्धीच्या प्रमाणाच्या पाचव्या मुळावर अवलंबून राहील, असं गणित सांगतं. म्हणजे लोखंड बत्तीस पट वाढवलं तर तळाचं तापमान जेमतेम दुप्पट होणार. प्रयोगांतलं तळाचं तापमान अशुद्धीच्या प्रमाणाला इतकी कमी दाद का देतं, हेही त्यातून उलगडलं. कोंडोंनी आपली वक्ररेषा सोन्यातल्या लोखंडाच्या मोजमापांशेजारी ठेवली, ती जुळली. साराचिक यांचे आकडेही तिच्यावर बसले. एका निबंधात तीस वर्षांचं कोडं सुटावं अशी उदाहरणं भौतिकशास्त्रात थोडी आहेत.

पण निबंधाने नवं कोडंही मागे ठेवलं. लॉगॅरिदम तापमान शून्याकडे जाताना अनंताकडे पळतो, आणि धातूचा रोध अनंत असूच शकत नाही. म्हणजे एका ठराविक तापमानाखाली, ज्याला पुढे ‘कोंडो तापमान’ हे नाव पडलं, ही पायरीपायरीने मोजायची रीतच मोडून पडते. पुढे काय होतं? या प्रश्नाने दहा वर्षं जगातल्या उत्तमोत्तम सैद्धांतिकांना कामाला लावलं. अब्रिकोसोव्ह, सूल, नागाओका, नोझिएर, खुद्द अँडरसन. १९७० साली अँडरसन यांनी उत्तराची दिशा दाखवली आणि १९७५ साली केनेथ विल्सन यांनी संगणकाच्या मदतीने ते तडीस नेलं. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा त्यांनी लॉगॅरिदमच्या मापाने कप्प्यांत विभागली आणि एकेक कप्पा हिशेबात घेत शून्याच्या दिशेने उतरत गेले. निष्पन्न झालं ते असं: कोंडो तापमानाखाली धातूतले इलेक्ट्रॉन परक्या अणूच्या स्पिनाशी सामूहिकपणे जोडी जमवतात आणि त्याचं चुंबकत्व झाकून टाकतात. अणू तिथेच असतो, स्पिनही असतं, पण बाहेरून पाहणाऱ्याला चुंबक दिसत नाही. विल्सन यांना १९८२ साली नोबेल मिळालं ते प्रावस्थांतरांच्या सिद्धांतासाठी. त्यांच्या रीतीची ताकद मात्र कोंडोंच्या प्रश्नावर जितकी उघड दिसली तितकी क्वचितच इतरत्र दिसली असेल. १९८० साली आंद्रेई आणि वीगमन यांनी स्वतंत्रपणे याच प्रश्नाचं नेमकं, अंदाज न वापरता केलेलं उत्तरही दिलं.

यानंतर विषय संपायला हरकत नव्हती. काही जण सीरियमच्या संयुगांकडे वळले. तिथे प्रत्येक घरात एक चुंबकीय अणू बसलेला असतो आणि कोंडोंचा परिणाम अख्ख्या स्फटिकाला व्यापतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या संयुगांवर वर्षानुवर्षं मोलाचं काम झालं आहे. पण एक गोष्ट राहून गेली होती. सोनं असो वा सीरियम, मोजला जात होता तो असंख्य अणूंचा एकत्रित परिणाम. एका अणूभोवती हे घडताना कुणीच पाहिलं नव्हतं.

ते शक्य केलं एका सुईने. १९८१च्या सुमारास झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग आणि रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बनवला. धातूच्या पृष्ठभागापासून नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर टोकदार सुई धरायची. मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पुंजयांत्रिकीच्या नियमाने पार होतात, आणि हा प्रवाह अंतराच्या बाबतीत इतका हळवा असतो की एकेक अणू उठून दिसतो. १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं. सुईवरचा व्होल्टेज बदलत प्रवाह कसा बदलतो ते टिपलं, तर तेवढ्या जागी कुठल्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आहेत हेही कळतं. कोंडोंच्या परिणामाची खूण इथेच मिळणार होती. झाकणारे इलेक्ट्रॉन शून्य व्होल्टेजच्या आजूबाजूला एक अरुंद शिखर तयार करतात, आणि त्या शिखराची रुंदी म्हणजे कोंडो तापमानाचं माप.

१९९८ साली दोन गटांनी ही खूण टिपली. स्वित्झर्लंडमधल्या गटाने चांदीवरच्या सीरियमच्या अणूवर, आणि बॉस्टनमधल्या मायकेल क्रॉमी यांच्या गटाने सोन्यावरच्या कोबाल्टच्या अणूवर. बॉस्टनच्या निबंधावर पहिलं नाव होतं विद्या माधवन यांचं, भारतात शिकून अमेरिकेत डॉक्टरेट करायला गेलेल्या संशोधिकेचं. सुई कोबाल्टवर नेली की शून्य व्होल्टेजपाशी आलेखात खळगा पडे, बाजूला सरकवली की एखाद्या नॅनोमीटरमध्ये तो मिटे. शिखर अपेक्षित असताना खळगा का, तर सुईतून निघालेला इलेक्ट्रॉन दोन वाटांनी आत जाऊ शकतो, अणूमार्फत किंवा सरळ धातूत, आणि या दोन वाटांच्या लहरी एकमेकींत मिसळून शिखराची उलटापालट करतात. सोन्यावरच्या कोबाल्टचं कोंडो तापमान सत्तर केल्विनच्या आसपास निघालं. लायडनहून निघालेला प्रश्न आता एका अणूच्या माथ्यावर येऊन ठेपला होता.

मात्र अणू आहे तसा स्वीकारावा लागतो. कोबाल्ट सोन्यावर ठेवला की त्याची सोन्याशी देवघेव किती हे निसर्गानेच ठरवलेलं असतं. रेणूचं तसं नाही. चुंबकीय अणू रेणूच्या मध्यभागी बसवता येतो, भोवतीच्या कार्बन-नायट्रोजनच्या चौकटीने तो धातूपासून किती उंच राहील हे ठरवता येतं, आणि ती चौकट नंतर बदलताही येते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. आतापर्यंत भौतिकशास्त्रज्ञ कोंडो तापमान मोजत होते, रेणूंमुळे ते त्याला हात घालू लागले.

२००५ साली चीनमधल्या हफेई इथल्या विद्यापीठात झालेला प्रयोग नीट पाहण्यासारखा आहे. रेणू होता कोबाल्ट थॅलोसायनिन. शाई आणि रंगांत वापरल्या जाणाऱ्या निळ्या रंगद्रव्याचा भाऊबंद, फक्त त्यात मध्यभागी तांबं असतं आणि इथे कोबाल्ट. आकार चपटा, चार पाकळ्यांचा. सोन्यावर तो सपाट पडून राहतो, आणि सोन्याशी इतका चिकटतो की मधल्या कोबाल्टचं चुंबकत्वच मावळतं. सुई मध्यभागी नेली तरी शून्यापाशी काही दिसत नाही. मग संशोधकांनी सुई एका पाकळीच्या टोकावर नेऊन तीन व्होल्टांहून थोडा जास्त झटका दिला. पाकळीच्या कडेचे दोन हायड्रोजन तुटून गेले. प्रवाहात पायरी पडली की समजायचं, एक तुटला. असं चारही पाकळ्यांवर केलं. एकूण आठ हायड्रोजन गेले. टोकं उघडी पडली आणि खालच्या सोन्याला घट्ट धरून बसली, त्यामुळे मधला भाग कमानीसारखा वर उचलला गेला. कोबाल्ट सोन्यापासून दूर झाला, त्याचं चुंबकत्व परत आलं, आणि शून्य व्होल्टेजपाशी कोंडोंची खूण ठळक उमटली. कोंडो तापमान निघालं २०८ केल्विन, सुट्या कोबाल्ट अणूच्या जवळजवळ तिप्पट. एका रेणूच्या कडेचे आठ अणू काढून त्याच्या मध्यभागाचं चुंबकत्व जागं करणं, ही करामत रसायनशास्त्राची म्हणावी की भौतिकशास्त्राची, हा प्रश्नच इथे गळून पडतो.

पुढच्याच वर्षी ओहायो विद्यापीठातून आलेल्या कामाशी मराठी वाचकाचं नातं जास्त जवळचं आहे. व्हायोलेटा इआंकू, अपर्णा देशपांडे आणि सॉ-वाय ला यांनी तांब्यावर पॉर्फिरिन जातीचा एक रेणू घेतला, म्हणजे आपल्या रक्तातल्या हीमची जी मूळ चौकट, तीच. मध्यभागी कोबाल्ट, चार कोपऱ्यांना ब्रोमिन. तांब्यावर हा रेणू दोन रूपांत बसतो, खोगिरासारखा वाकलेला किंवा सपाट. ४.६ केल्विन तापमानाला सुईतून २.२ व्होल्टांचा झटका दिला की तो एका रूपातून दुसऱ्यात जातो. यात रेणूतला एकही अणू कमी-जास्त होत नाही, बदलते फक्त बैठक. खोगीर सपाट झालं की कोंडो तापमान १३० वरून १७० केल्विनवर चढतं. त्याच तिघांच्या दुसऱ्या निबंधात हे रेणू शेजारी शेजारी जमलेले होते. सुईने एकेक शेजारी बाजूला करत त्यांनी दाखवलं की सहा शेजाऱ्यांनी वेढलेल्या रेणूचं कोंडो तापमान १०५ केल्विन असतं आणि शेजारी दूर होतील तसं ते वाढतं. कारण शेजारी रेणूंच्या खाली तांब्याच्या पृष्ठभागावर वाहणारे इलेक्ट्रॉन अडवले जातात, आणि मधल्या स्पिनाला झाकायला तितके कमी मिळतात. अपर्णा देशपांडे पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आल्या आणि अतिथंड तापमानाच्या अशाच सुईखालच्या प्रयोगांची परंपरा त्यांनी तिथे रुजवली.

रेणूला चुंबकीय व्हायला धातूचा अणू लागतोच असंही नाही. २०१३ साली श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने सोन्यावर एक सेंद्रिय रेणू ठेवला. त्यात लोखंड नव्हतं की कोबाल्ट, होता तो फक्त एक जोडीवाचूनचा इलेक्ट्रॉन. त्याची सोन्याशी देवघेव अगदी सैल. तापमान बदलून आणि चुंबकीय क्षेत्र बदलून त्यांनी त्याचे आलेख घेतले, तर ते विल्सन यांच्या अवघड गणिताची वाट न बघता थेट कोंडोंच्या मूळ रीतीने, त्या एका जास्तीच्या पायरीने, अचूक समजावता आले. कोंडो यांचं निधन २०२२ साली, ब्याण्णवाव्या वर्षी झालं. आपलं हातगणित एका रेणूवर इतकं तंतोतंत उतरलेलं त्यांच्या हयातीतच सिद्ध झालं, याचं मला मनापासून समाधान वाटतं.

आणि तरीही प्रकरण बंद झालेलं नाही. कोबाल्टच्या अणूवर १९९८ साली जी खूण दिसली, तिच्याबद्दलच आता वाद आहे. २०२० साली जर्मनीतल्या युलिश इथल्या सैद्धांतिकांनी मांडलं की तांबं, चांदी, सोनं यांच्यावरच्या कोबाल्टमधला खळगा कोंडोंच्या परिणामाशिवायही समजावता येतो. कोबाल्टचं स्पिन झाकलं जातच नाही, उलट त्याची डगमग आणि भोवतीचे इलेक्ट्रॉन यांची एक वेगळीच जोडअवस्था बनते, जिला त्यांनी ‘स्पिनॅरॉन’ म्हटलं. २०२३ साली वुर्झबर्गच्या प्रयोगकर्त्यांनी तांब्यावरच्या कोबाल्टला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून, चुंबकीय सुईने तपासलं आणि कौल स्पिनॅरॉनच्या बाजूने दिला. पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून शिकवलेली गोष्ट अशी पुन्हा तपासायला घेतली जाते, हे मला त्या शास्त्राच्या तब्येतीचं चांगलं लक्षण वाटतं.

रेणूंच्या बाबतीत मात्र तपासणी सोपी नाही. शून्य व्होल्टेजपाशी खळगा किंवा शिखर दिसलं एवढ्यावर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर ते कसं दुभंगतं, हे दाखवावं लागेल. आणि ज्या रेणूचं कोंडो तापमान शंभर-दोनशे केल्विन आहे त्याला दुभंगायला लागणारं क्षेत्र शंभर टेस्लाच्या घरात जातं. अतिवाहक चुंबकांच्या बळावर सुईखाली मिळतं ते दहा-पंधरा टेस्ला. म्हणून हफेई किंवा ओहायोसारख्या घट्ट बांधलेल्या रेणूंची अशी थेट परीक्षा अजून आवाक्याबाहेर आहे, आणि नवे प्रयोग श्टुटगार्टच्या त्या सैल बांधलेल्या रेणूसारख्या, दोन-चार केल्विनच्या टप्प्यातल्या रेणूंकडे वळत आहेत.